उत्तरेस फॉरेस्ट

खरेदीखतात गट नंबर, क्षेत्र आणि आकार लिहून झाला की चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस पांदण, उत्तरेस फॉरेस्ट. तीस वर्षं मी हेच लिहितो आहे. गाव माझं साखरा, जिल्हा हिंगोली. बसतो तालुक्याच्या गावी, नोंदणी कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडात. पाटीवर ‘दस्तलेखक व मुद्रांक विक्रेता’ असं रंगवलंय, लोक बॉन्ड रायटर म्हणतात. आधी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता मुलगा कॉम्प्युटरवर बसतो आणि मी त्याच्या पाठीमागं बसून त्याच्या चुका काढतो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. चतुःसीमा दोघंच वाचतात. एक मोजणीवाला, आणि भांडण पेटलं तर कोर्ट. जमिनीची किंमत ठरवणारं सरकार मात्र तिच्याकडं बघत नाही.

हे मला चांगलं कळलं ते माझ्या थोरल्या बहिणीमुळं. अक्काला दिलं पैनगंगेच्या पलीकडं, उमरखेड तालुक्यात. आमचा मराठवाडा, त्यांचा विदर्भ. मधे एक नदी, पण सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. दाजी गेल्यावर पाच एकर कोरडवाहू तिच्या नावावर लागली. काळी, खोल, आपल्या मराठवाड्यात कुणी बघितली तर हळद घ्यावी म्हणेल अशी. फक्त उत्तरेचा धुरा पैनगंगा अभयारण्याला भिडलेला. अभयारण्य सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटरचं, सागाचं जंगल. तिच्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की एका बाजूला सोयाबीन आणि दुसऱ्या बाजूला सागाचं रान, मधे दगडांची एक रांग. ती रांग माणसांना कळते.

अक्का मला एकदा म्हणाली, “बाळू, सातबाऱ्यावर पाच एकर हाय. त्यातली साडेतीन माझी. दीड एकर डुकराची.”

तिनं हिशेब मांडला होता. धुऱ्यालगतचा दीड एकर दरवर्षी जातो. तूर फुलात आली की रोही, सोयाबीनच्या शेंगा भरल्या की रानडुकरं, ज्वारी हुरड्यात आली की दोन्ही. दाजी होते तेव्हा माळ्यावर जागलीला जायचे. नंतर झटका मशीन आणलं. दोन वर्षांत बॅटरी गेली, आणि डुकरांना तारेखालून माती उकरायची कला तोवर आली होती.

त्या वावराला गिऱ्हाईक नव्हतं. सडकेवरच्या वावराला एकरी नऊ लाख कुणीही सांगायचं, अक्काच्या वावराला चारच्या वर कुणी जात नव्हतं. लोक उघड म्हणायचे, “फॉरेस्टच्या धुऱ्याचं कोण घेतं?” मग एक दिवस नागपूरकडचा एक एजंट गाडी घेऊन आला आणि साडेचार म्हणाला. अख्खं पाच एकर नको, उत्तरेचाच तुकडा द्या म्हणाला. आणि तिच्याच नाही, त्या धुऱ्यावरच्या सगळ्यांचाच उत्तरेचा तुकडा त्याला हवा होता.

ज्याला कुणी विचारत नव्हतं नेमका तोच तुकडा हवा, म्हणजे पाणी मुरतंय हे कळायला बॉन्ड रायटर असायची गरज नाही. पण इसारपावती वाचायला मी गेलो आणि कागद बघत बघत उलगडा झाला. कुठंतरी दुसरीकडं एका प्रकल्पाला जंगलाची जमीन हवी होती. वनजमीन वळती केली की तिच्या बदल्यात बिगरजंगल जमीन वनखात्याला द्यावी लागते आणि तिच्यावर झाडं लावून द्यावी लागतात. पर्यायी वनीकरण म्हणतात त्याला. आणि वनखात्याला सुटासुटा तुकडा मिळण्यापेक्षा जंगलाला चिकटून असलेली जमीन मिळाली तर बरी, असा त्या पद्धतीचा कल आहे. रास्तच आहे ते. वाघाला गावाच्या मधोमध दहा एकर घेऊन काय करायचंय?

म्हणजे अक्काच्या वावराची खोड होती तीच त्याची लायकी होती. जंगलाला भिडलेलं आहे म्हणून बाजारात पडेल भाव, आणि जंगलाला भिडलेलं आहे म्हणूनच एजंटाला तेच हवं. मधला फरक ज्याच्या खिशात जायचा त्याच्या खिशात गेला.

सरकारी मूल्यांकन या सगळ्यात कुठं होतं ते सांगतो. खरेदीखत नोंदवताना ‘आय-सरिता’ नावाच्या संगणक प्रणालीत माहिती भरतात. गाव, गट, क्षेत्र, जिरायत की बागायत, आकार किती. तिकडून आकडा येतो. हा आकडा ज्याच्यावर बेतलेला असतो तो वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. 1 एप्रिल 2025 ला तीन वर्षांनी तो वाढला, राज्यात सरासरी 3.89 टक्के. शेतजमिनीचे गट पाडलेत ते आकारणीवर. आकार म्हणजे शेतसारा. आमच्याकडं तो निजामाच्या बंदोबस्तात ठरला, अक्काकडं वऱ्हाडात इंग्रजांच्या. तेव्हाच्या कारकुनानं माती बघून, पाण्याचा अंदाज घेऊन आणे-पै ठरवले, आणि आजचा संगणक त्या आण्यांवरून लाख ठरवतो. मला या गोष्टीचं हसूही येतं आणि त्या जुन्या कारकुनाचा आदरही वाटतो. त्यानं निदान बांधावर जाऊन माती हातात घेतली असेल.

तक्त्याला सडक ओळखू येते. महामार्गालगत, राज्यरस्त्यालगत, गावठाणाजवळ असे वेगळे दर असतात. पाणी ओळखू येतं, बागायतीचा दर निराळा. जंगलाचा रकाना मला आजवर दिसलेला नाही. जंगल शेजारी असल्यानं किती उतरलं आणि किती चढलं, याची कुठं नोंदच नाही.

आता माझ्या स्वतःच्या हाताचं पाप सांगतो. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष मोबदला आणि सरकारी मूल्यांकन, यातल्या जास्तीच्या रकमेवर बसतं. म्हणून लोक काय करतात? व्यवहार ठरतो नऊ लाखांना, खरेदीखतात लिहितात सरकारी मूल्यांकनाइतके, उरलेले रोख, पिशवीतून. मी लिहिलेल्या कित्येक खतांत मोबदल्याचा आकडा असाच आहे, आणि तो मला माहीत होता. घेणारा-देणारा दोघंही खूश, मी माझी फी घेतली. पण 2013 च्या भूसंपादन कायद्यात, कलम 26 मध्ये, बाजारभाव काढायची रीत काय आहे बघा. एक तर मुद्रांकासाठीचं मूल्यांकन. नाहीतर जवळच्या गावातल्या तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त किमतीची निम्मी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. यात जी रक्कम जास्त तो बाजारभाव. म्हणजे मी आज लिहिलेलं खोटं पुढची तीन वर्षं सरकार पुरावा म्हणून वाचतं. रस्ता, धरण, अभयारण्य, काहीही असो, भाव माझ्या पिशवीबाहेरच्या आकड्यावरच निघतो.

आणि जंगलाच्या धुऱ्यावर तर खतंच नसतात. घेणाराच नाही तर सरासरी कशाची काढायची? मग ‘जवळच्या गावातल्या तशाच जमिनी’ म्हणून आणखी एक डुक्करखाल्लं वावर उचलतात.

रस्त्याला मात्र असं होत नाही, हे वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या पाहुण्यांनी बघितलं. समृद्धी महामार्गासाठी कारंजा, मालेगाव या तालुक्यांतून जमिनी गेल्या. ग्रामीण भागाचा दुप्पट गुणक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, आणि थेट खरेदीला राजी झालात तर वर पंचवीस टक्के. सगळं मिळून मूळ दराच्या पाचपट. एका पाहुण्यानं त्यातून ट्रॅक्टर, गाडी आणि पुतणीचं लग्न केलं. दुसऱ्यानं सगळंच दोन वर्षांत उडवलं. पण दिलं सरकारनं. सडक हवी असली की सरकारला खिसा सापडतो. आता शक्तिपीठ महामार्गाची आखणीही आमच्या हिंगोली जिल्ह्यातून आहे, आणि तिथंही पहिली चौकशी तीच होते: किती पट?

आता धुऱ्याच्या पलीकडं या. जंगलाची जमीन प्रकल्पाला द्यायची तर प्रकल्पवाल्याला ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. सुप्रीम कोर्टानं 2008 मध्ये त्याचे दर मान्य केले तेव्हा ते हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख होते. जानेवारी 2022 मध्ये केंद्रानं ते 9.57 लाख ते 15.95 लाख केले. जंगल किती दाट, कोणत्या प्रकारचं, त्यावर दर. जमीन अभयारण्यातली असेल तर पाचपट. राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. म्हणजे अभयारण्यातल्या एका हेक्टरला साधारण 48 लाखांपासून 80 लाखांपर्यंत. एकराचा हिशेब केला तर साडेएकोणीस ते बत्तीस लाख. दगडांच्या रांगेच्या पलीकडं बत्तीस, अलीकडं साडेचार.

कुणी म्हणेल, ही तुलना बरोबर नाही, ते जमिनीचे पैसे नाहीत. बरोबर आहे. ते जंगल जे काम करतं त्याचे पैसे आहेत: पाणी धरतं, हवा धरतं, जनावर सांभाळतं, त्याची नुकसानभरपाई. मी मान्य करतो. पण मग अक्काचा दीड एकर काय करतो? डुकराला, रोह्याला, त्यांच्यामागं येणाऱ्या बिबट्याला तो खायला घालतो. जंगलाच्या आणि गावाच्या मधली गादी आहे तो. जंगलाचंच काम अलीकडच्या बाजूला चालतं, फुकटात.

2019 च्या उन्हाळ्यानंतर टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ चालत निघाला. गळ्यात पट्टा होता, भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं त्याचा माग काढत होती. टिपेश्वर, पैनगंगा, मग नांदेड-हिंगोली करत डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर सुमारे तेराशे किलोमीटर झाले होते. त्याला ‘वॉकर’ नाव पडलं. हिंगोली जिल्ह्यात तो होता तेव्हा माणसांना जखमाही झाल्या, कारण लोक त्याला बघायला झुडपापर्यंत गेले. आमच्या गावात त्या दिवसांत तूर राखायला कुणी जाईना, आणि दिवसा सगळे त्याच्याच गप्पा मारत. कुणी म्हणे मोठा, कुणी म्हणे कुत्र्याएवढा. माझं लक्ष नकाशाकडं होतं. टिपेश्वरपासून ज्ञानगंगेपर्यंत अखंड जंगल कुठाय? तो चालला तुरीतून, कपाशीतून, नाल्याच्या काठानं, म्हणजे सातबाऱ्यातून. या देशात वाघाचा रस्ता म्हणजे कुणाचा तरी गट नंबर.

त्याच वर्षी जुलैत आमच्याच सेनगाव तालुक्यातल्या ताकतोडा गावानं ‘गाव विकणे आहे’ असं जाहीर केलं होतं. पीककर्ज नाही, विमा नाही, कर्जमाफी नाही म्हणून. पुढं 2023 मध्ये आमच्याच गोरेगावच्या शेतकऱ्यांनी स्वतःचे अवयवच विकायला काढले, दरपत्रकासकट. आमच्या भागातल्या माणसाला किंमत लावून घ्यायची सवय झाली आहे, ती अशी. एका बाजूला गाव विकायला निघालेलं, दुसऱ्या बाजूला त्याच शिवारातून देशाचा वाघ चाललेला.

माझे एक वकील मित्र होते हिंगोलीचे, आता नाहीत. भूसंपादनाच्या केसेस त्यांनी आयुष्यभर लढवल्या. अक्काची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “अरे, हे तर विशाखापट्टणमचं पाणी आहे.” मग त्यांनी ते सांगितलं, आणि मी नंतर ते वाचून खात्री केली. इंग्रजांच्या काळात विशाखापट्टणमला बंदर बांधत होते. बंदराच्या परिसरात मलेरिया होता, आणि तिथं शुद्ध पाणीही हवं होतं. जवळच्या एका जमीनदाराच्या जमिनीत झरा होता. सरकारनं ती जमीन संपादित केली. मालक म्हणाला, झऱ्याचे पैसे द्या. सरकार म्हणालं, हे पाणी घेणारं गिऱ्हाईक आम्ही एकटेच, दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही, मग बाजारभाव कसला? प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1939 मध्ये निकाल लागला: जमिनीत एखादा विशेष गुण असेल तर तो किमतीत धरायचा, आणि तो घेणारा एकटाच असला, अगदी संपादन करणारं सरकारच असलं, तरीही धरायचा. राजीखुशीनं विकणाऱ्याला राजीखुशीनं घेणारा किती देईल, तेवढं.

वकील मित्र म्हणाले, “तुझ्या बहिणीच्या वावरात झरा नाही. पण तिच्या धुऱ्याला जंगल आहे. त्याचं गिऱ्हाईक कोण? वनखातं, नाहीतर वनखात्याला जमीन द्यायची आहे तो. एकच गिऱ्हाईक. तोच झरा.”

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं. संरक्षित जंगलाशेजारच्या जमिनीचा भाव काढताना सरकारनं जंगलामुळं झालेलं नुकसान मालकाच्या किमतीतून वजा करू नये, आणि जंगलाला त्या जमिनीचा जो उपयोग आहे तो मालकाच्या किमतीत मिळवावा. डुकराच्या नासधुशीमुळं पडलेला भाव हा ‘बाजारभाव’ नाही, ती शेजाऱ्याची घाण आहे. आपल्या म्हशीनं शेजाऱ्याची ज्वारी खाल्ली आणि मग आपणच त्याला म्हणालो, तुझी ज्वारी तर निम्मीच उरली, अर्ध्या भावात दे, तर गावात काय होईल?

यापेक्षा वाईटही झालंय. सोलापूर-नगरकडं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्याची हद्द आठ हजार चारशे शहाण्णव चौरस किलोमीटर. करमाळा, कर्जत, श्रीगोंदा अशी अख्खी गावं, बाजारपेठा, उसाचे मळे त्यात. वन्यजीव कायद्याचं कलम 20 असं की अधिसूचना निघाली की त्या हद्दीत वारसाहक्काशिवाय नवा हक्क मिळत नाही. खरेदी-विक्री अडली, तारण अडलं. पुढं सुप्रीम कोर्टात प्रकरण जाऊन हद्द बाराशे बावीस चौरस किलोमीटरवर आली, पण त्याला तीस वर्षं लागली. त्या तीस वर्षांत तिथल्या एखाद्या माणसानं मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे ठरवले असतील तर त्याच्या जमिनीचा बाजारभाव काय होता? शून्य म्हणायचं का? आणि माळढोक पक्षी तरी किती उरले, हे सगळ्यांना माहीत आहे.

पुण्याच्या एका खटल्यानं तर 2024 मध्ये बातम्या गाजवल्या. एका कुटुंबानं 1950 मध्ये पाषाण भागात 24 एकर घेतले. सरकारनं ते ताब्यात घेऊन संरक्षण खात्याच्या संस्थेला दिले. मालक कोर्टात जिंकला. मग सरकारनं बदली जमीन दिली, ती निघाली वनजमीन, म्हणजे देऊनही दिली नाही. शेवटी पैशावर आलं. सरकार म्हणालं साडेसदतीस कोटी, मालक म्हणाला तीनशे सतरा कोटी. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2024 मध्ये राज्याला सुनावलं की पैसे देत नसाल तर लाडकी बहीण योजना थांबवायला सांगू. पेपरांत लाडकी बहीण छापून आली, वनजमिनीचा मुद्दा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गेला. सरकारला वनजमीन दुसऱ्याच्या हातात देताना ती फुकटची वाटते, हे त्यात मला महत्त्वाचं वाटलं.

परदेशातही हाच हिशेब चालतो. कोस्टा रिका या छोट्या देशात सांता एलेना नावाची एक जागा आहे. समुद्रकिनारा, डोंगर, जंगल, तीसएक किलोमीटर किनारा. एका कंपनीनं 1970 मध्ये ती सुमारे 3 लाख 95 हजार डॉलरना घेतली, पर्यटनासाठी. 1978 मध्ये सरकारनं ती शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात मिळवायला संपादित केली आणि सुमारे 19 लाख डॉलर देऊ केले. मालक म्हणाले 64 लाख. बावीस वर्षं वाद. फेब्रुवारी 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं मूळ किंमत साडेएक्केचाळीस लाख धरली आणि इतक्या वर्षांचं व्याज धरून एकूण 1 कोटी 60 लाख डॉलर दिले. निसर्गासाठी घेतली म्हणून मोबदल्याची जबाबदारी कमी होत नाही, असं लवादानं स्पष्ट लिहिलं. बहुतेक मालक अमेरिकन होते, त्यांच्यामागं त्यांचं सरकार होतं. अक्काच्या मागं मी आहे.

आता माझ्याच म्हणण्यावर मला शंका आहे, ती लपवत नाही. धुऱ्याच्या जमिनीचा भाव वाढवला तर तो अक्काला मिळेल कशावरून? ज्या दिवशी बातमी येईल त्याच्या आधी एजंट येतील. महामार्गाची आखणी जाहीर व्हायच्या आधीच जमिनी घेऊन ठेवणारे आम्ही बघितलेत. त्यांच्या गाड्या माझ्या शेडसमोरच उभ्या राहतात, चहा मीच पाजलाय. म्हणून वाढीव भाव त्यालाच, ज्याचं किंवा ज्याच्या बापाचं नाव किमान दहा वर्षं सातबाऱ्यावर आहे. फेरफार बघायला पाच मिनिटं लागतात. आणि पर्यायी वनीकरणासाठी जंगलालगतची जमीन कुणी घेत असेल तर खरेदीखतात तो हेतू लिहिलाच पाहिजे. विकणाऱ्यानं तो वाचूनच सही करावी. आज मी खतात ‘शेतीच्या प्रयोजनार्थ’ एवढंच टाकतो, आणि कुणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे, सगळ्यांची जमीन विकत कशाला घ्यायची? उत्तरेची एक पट्टी शेतकऱ्यानं गवताला सोडावी, नाल्याकडची झुडपं तोडू नयेत, आणि त्याबद्दल वर्षाला ठराविक भाडं त्याच्या खात्यात यावं. मालकी त्याची, जागा जनावराची. पैसा कुठून आणायचा, तर जो निव्वळ वर्तमान मूल्याचा पैसा पर्यायी वनीकरणाच्या निधीत जमतो, त्यातून. जंगल तुटलं त्याची भरपाई जंगलाशेजाऱ्याला मिळावी, यात अवघड काय आहे मला समजत नाही. सोलर कुंपणं देतात, चांगलं आहे, पण कुंपणानं डुक्कर दुसऱ्याच्या वावरात जातं. भाड्यानं ते तिथंच राहील.

व्याघ्र प्रकल्पातून गाव उठवायचं असतं तेव्हा केंद्राच्या व्याघ्र प्राधिकरणाचं माप कुटुंब असतं. 2008 पासून कुटुंबाला 10 लाख, 2021 पासून 15. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब. ते माप कळतं तरी, कारण उठणाऱ्याला घर हवं असतं. पण उठवलं नाही, नुसतं जंगलाच्या शेजारी बसवून ठेवलं, त्याचं माप कोणत्या कागदावर आहे? त्याचं काही उठत नाही म्हणून त्याचं काही जातही नाही, असं गृहीत धरलेलं दिसतं.

आणि तक्त्यात एकच प्रश्न वाढवा. संगणकाला विचारायला लावा: चतुःसीमेत संरक्षित जंगल आहे का? ‘हो’ म्हटलं की त्या गटाचा दर गावातल्या त्याच आकारणीच्या उत्तम जमिनीइतका धरायचा, सडकेपासून आत असली तरी. बस्स, एक चौकोन आणि त्यात बरोबरची खूण.

अक्कानं शेवटी दीड एकर विकलं. डुकराचा तुकडाच गेला, असं म्हणाली. नातीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष भरायचं होतं. साडेचारला एक रुपया जास्त मिळाला नाही. खरेदीखत तिकडंच झालं, मी भाऊ म्हणून गेलो होतो, बॉन्ड रायटर म्हणून नाही. तिथल्या लेखकाला मी म्हटलं, चतुःसीमेत ‘फॉरेस्ट’ नको, ‘पैनगंगा अभयारण्य’ असं पूर्ण लिहा. त्यानं लिहिलं. मूल्यांकनाचा आकडा आला तो तसाच.

त्या धुऱ्यावरचे सगळे तुकडे एकत्र करून प्रकल्पाच्या कंपनीनं जाळीचं कुंपण घातलंय, आत खड्डे घेऊन रोपं लावलीत. अक्काच्या उरलेल्या साडेतीन एकरांच्या चतुःसीमेत आता उत्तरेस कंपनी आहे. परवा रात्री अकराला तिचा फोन आला. जाळीमुळं डुकरांना सरळ येता येत नाही, वळसा घालून पूर्वेच्या नाल्यातून येतात, आणि पूर्वेच्या अंगाला तिची तूर सगळ्यात चांगली होती.